ग्लासातलं गणित

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की प्रत्येक कॉलेज ग्रुपवर तेच तीन मेसेज पडायला लागतात. 'थर्टी फर्स्टचा काय सीन?', 'गोवा की लोणावळा?' आणि 'बाटल्या कोण आणतंय?' पहिल्या दोन प्रश्नांवर दोनशे मेसेज होतात. तिसऱ्यावर कुणीतरी एक अंगठा टाकतो आणि विषय संपतो. खरं तर चर्चा व्हायला हवी ती याच प्रश्नावर. कारण ब्रँडची नावं सगळ्यांना पाठ असतात, बाटलीत नक्की काय आहे ते मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं.

आधी वयाचं बघू. महाराष्ट्रात माइल्ड बीअरसाठी किमान वय २१ आहे आणि व्हिस्की, रम, व्होडकासारख्या कडक मद्यासाठी २५. म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांसाठी व्हिस्की अजून कायद्याने लांबच आहे. शिवाय आपल्याकडे मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. 'कोण बघतंय?' असं म्हणायची पद्धत आहे, पण वर्षअखेरीला नाकाबंदी असते ती बघायलाच.

आता व्हिस्की. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरल्याशिवाय कशालाही स्कॉच म्हणता येत नाही. मुरताना थोडी व्हिस्की उडून जाते, तिला तिथे गमतीने 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तिकडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के असतो. बंगळुरूच्या हवेत तो १० टक्क्यांच्या वर जातो, म्हणून आपल्याकडे व्हिस्की लवकर मुरते. 'अमृत' ही बंगळुरूची सिंगल माल्ट २००४ मध्ये बाजारात आली ती थेट ग्लासगोमध्ये, म्हणजे स्कॉचवाल्यांच्या अंगणात. आज भारतीय सिंगल माल्टला जगभरात मान आहे.

पण हॉस्टेलच्या पार्टीत येते ती बाटली बहुतेक वेळा या घराण्यातली नसते. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मुख्यतः उसाच्या मळीपासून काढलेला स्पिरिट असतो, त्यात थोडं माल्ट, रंग आणि स्वाद. युरोपच्या नियमांप्रमाणे तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही. त्यात कोला ओतून 'एका दमात संपव' म्हटलं, की चवीचा प्रश्नच मिटतो. ज्यांना खरंच व्हिस्की आवडते ती माणसं तासभर एक पेग घेऊन बसतात. थोडं पाणी घालतात, वास घेतात, गप्पा मारतात. घाई करणाऱ्याला व्हिस्की आवडतेय की फक्त चढायला हवीये, हे ग्लासाकडे बघूनच कळतं.

'मी फक्त बीअर घेतो' म्हणणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये ते जेमतेम १३ मिली भरतं. ६५० मिलीच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँग बीअरमध्ये ते भरतं ५२ मिली. म्हणजे एक बाटली बरोबर चार स्मॉल पेग! माइल्ड बीअरचीही एक बाटली अडीच पेगांच्या घरात जाते. 'बीअर म्हणजे काही दारू नव्हे' असं म्हणणाऱ्या मित्राला हे गणित जरूर दाखवा.

लिव्हर एक स्मॉल पेग निपटायला साधारण तास-दीड तास घेतं. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, उतरत मात्र काहीच नाही. भरल्या पोटी चढायला वेळ लागतो, एवढं खरं. म्हणून आधी नीट जेवण. चखण्याच्या शेंगदाण्यांना जेवण म्हणत नाहीत.

गोव्याचा प्लॅन असेल तर एक टीप. डिसेंबरात जाऊन 'फ्रेश उर्राक द्या' असं मागू नका. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत असतो. बोंडूच्या आंबवलेल्या रसाची पहिली वाफ म्हणजे उर्राक, पुन्हा गाळलेली कडक ती फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दक्षिण गोव्यात माडाची फेणीही होते. आणि हंगामात बोंडूंचा न आंबलेला ताजा रस मिळतो, तो नीरो. त्यात अल्कोहोल नाही, आणि तो चाखायला वयाचं बंधनही नाही. परतताना बाटल्या बॅगेत कोंबण्याचा मोह होईल. परवान्याशिवाय त्या महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि सीमेवरच्या तपासणीत बसची बसही थांबवतात.

आता ग्रुपमधल्या त्या मित्राबद्दल किंवा मैत्रिणीबद्दल, जी पीत नाही. कारण काहीही असेल. घरी चालत नाही, औषधं सुरू आहेत, चव आवडत नाही, किंवा घरात कुणाचं पिणं लहानपणापासून बघितलंय. हे शेवटचं कारण कुणी पार्टीत सांगत बसत नाही. त्यामुळे 'अगं, एकच घे', 'काय रे, बाळ आहेस का?' हे बंद करा. 'नको' म्हणजे नको. त्याच्या हातात कोमट कोल्ड्रिंक देऊन मोकळं होऊ नका. कोकम सरबत, जलजिरा, आल्या-लिंबाचा सोडा, सोलकढी, जे काय असेल ते बर्फ घालून त्याच ग्लासांत द्या. आणि कॉन्ट्रीब्यूशन काढताना दारूचा हिशेब वेगळा ठेवा. जो पीत नाही त्याने इतरांच्या बाटल्यांचे पैसे का भरायचे?

पीत नाही म्हणून तोच सगळ्यांचा ड्रायव्हर, असंही गृहीत धरू नका. त्याला आधी विचारा. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बाइक असो वा कार, नियम एकच. त्यापेक्षा कॅबचे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर जिथे पार्टी तिथेच मुक्काम करा.

शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. कुणी इतकं प्यायलं की हाका मारूनही उठत नाही, श्वास फार संथ किंवा अडखळत चाललाय, अंग गार पडलंय, तर 'झोपू दे, सकाळी ठीक होईल' म्हणू नका. त्याला उताणं झोपवू नका, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ला फोन करा. घरी कळेल, रेक्टर ओरडतील, पार्टीचा विचका होईल या भीतीने पोरं तासभर वाट बघत बसतात. तो तास महागात पडतो. ओरडा दोन दिवसांत विसरला जातो.

तेव्हा आज ग्रुपवर एक चौथा मेसेज टाका. कोण पिणार, कोण नाही, कोण कसं घरी जाणार आणि शुद्धीवर कोण राहणार. दहा मिनिटांत ठरतं. मग गाण्यांच्या प्लेलिस्टवर खुशाल भांडा!