संगणकांतील वस्तूंचा धनी कोण ?

संगणकाचा प्रोग्राम चालत असतां त्याला पदोपदीं नव्या वस्तु निर्माण कराव्या लागतात. वस्तु म्हणजे येथें स्मृतींत मांडून ठेवलेली माहिती : नांवांची यादी, आलेला निरोप, अर्धवट झालेलें एखादें काम. स्मृतींतील जागा परिमित असते. गरज संपलेली वस्तु तशीच राहूं दिली तर जागा अडते. गरज संपण्यापूर्वींच ती काढून टाकली तर हातचें काम बुडतें.

वस्तु केव्हां टाकावी, या प्रश्नाचें एक सुटसुटीत उत्तर जॉर्ज कॉलिन्स यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें. प्रत्येक वस्तूबरोबर एक आंकडा ठेवावा. प्रोग्राममध्यें कोणीं तिचा संदर्भ धरला कीं आंकडा एकानें वाढवावा. संदर्भ सोडला कीं एकानें कमी करावा. आंकडा शून्यावर आला म्हणजे ती वस्तु कोणासहि नको आहे असें समजून जागा मोकळी करावी. हीच संदर्भगणना. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेची सर्वांत प्रचलित रचना याच तत्त्वावर उभी आहे.

या पद्धतींतील उणीव १९६३ सालींच मॅकबेथ यांनीं निदर्शनास आणली. दोन वस्तूंनीं एकमेकींस धरून ठेवलें, तर बाहेर त्यांना कोणी विचारीत नसलें तरी दोघींचे आंकडे शून्यावर येत नाहींत. पायथनमध्यें यावर २००० सालीं उपाय झाला. सफाईची एक वेगळी योजना मधूनमधून फेरी मारते आणि बाहेरून कोणींच न धरलेलीं अशीं वर्तुळें शोधून काढून टाकते.

हा उपाय घटनाचक्रांत, म्हणजे इव्हेंट लूपमध्यें, अनपेक्षितपणें अंगावर येऊं शकतो. गर्दीच्या उपाहारगृहांतील एकटा वाढपी एका मेजावरची मागणी भटारखान्यांत कळवितो आणि पदार्थ होईपर्यंत तेथें उभा न राहतां दुसऱ्या मेजाकडे वळतो. घटनाचक्राची रीत हीच. एक काम कशाची तरी वाट पाहूं लागलें कीं तें बाजूला ठेवून चक्र दुसरें काम हातीं घेतें.

बाजूला ठेवलेलें हें काम धरून कोण ठेवतें ? चक्रच ठेवीत असेल, असा स्वाभाविक समज होतो. पण तो खरा नाहीं. २०१४ सालीं पायथनमध्यें आलेल्या असिंक-आयओ या संचांत चक्राजवळ सर्व कामांची नोंद असते, परंतु ती क्षीण संदर्भांची असते. क्षीण संदर्भ वस्तूचा ठावठिकाणा सांगतो, तिचा आंकडा मात्र वाढवीत नाहीं. आतां समजा, पैसे पोंचल्याची पावती पाठविण्याचें काम सुरू करून प्रोग्राम पुढें गेला आणि त्या कामाचा संदर्भ कोणींच जपला नाहीं. काम एका निकालाची वाट पाहत आहे. निकाल कामाला धरून आहे, काम निकालाला. आणि त्या निकालालाहि बाहेर दुसरा कोणी धनी नाहीं. हें मॅकबेथ यांचेंच वर्तुळ होय. सफाईची फेरी येते आणि अपुरें काम पुसून टाकते. पावती जात नाहीं.

ही फेरी केव्हां येईल हें वस्तूंच्या घडामोडींवर अवलंबून असतें. त्यामुळें चांचणींत प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि कामाचा बोजा वाढल्यावर दोष प्रकट होतो. शिवाय निकाल इतर कोणीं धरलेला असेल, तर काम सुखरूप राहतें. म्हणून दोष एकदां दिसतो, एकदां दिसत नाहीं.

उपाय साधा आहे. सुरू केलेलें प्रत्येक काम एका संचांत ठेवावें आणि तें पूर्ण होतांच संचांतून काढण्याची व्यवस्था तेव्हांच लावून द्यावी. काढण्याची व्यवस्था विसरली, तर संपलेलीं कामें सांचून जागा अडते. २०२२ सालच्या पायथन ३.११ मध्यें कामांचे गट करण्याची सोय आली. गट आपल्या कामांना धरून ठेवतो आणि तीं सर्व संपेपर्यंत थांबतो.

गणना संदर्भ किती हें सांगते. वस्तूची जबाबदारी कोणाची, हें सांगत नाहीं. क्रमानें चालणाऱ्या प्रोग्राममध्यें काम सांगणारा भाग बहुधा तें संपेपर्यंत थांबतो, म्हणून हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. घटनाचक्रांत तो पुढें निघून गेलेला असतो. तेव्हां काम सुरू करतांनाच त्याचा धनी ठरविणें, हें प्रोग्राम लिहिणाराचें कर्तव्य ठरतें.