तळहातावरचा व्हिडिओ कॅमेरा

सोनी या जपानी कंपनीने १९८३ साली ‘बीटामूव्ही’ हा घरगुती व्हिडिओ कॅमेरा विक्रीस आणला. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास होते, म्हणून तो खांद्यावर घ्यावा लागे. १९८९ मध्ये याच कंपनीचा ‘सीसीडी-टीआर ५५’ आला. त्याचे वजन अवघे ७९० ग्रॅम! ‘पासपोर्टएवढा कॅमेरा’ अशी त्याची जाहिरात झाली. ही किमया कशी साधली आणि तिच्यासाठी काय गमवावे लागले, ते पाहू या.

पहिले श्रेय फितीला. व्हीएचएस कॅसेटमधील फीत सुमारे १२.७ मिलिमीटर रुंद असे. या कॅमेऱ्यातली फक्त ८ मिलिमीटर. चित्राची माहिती आवाजापेक्षा कितीतरी अधिक असते. ती नोंदवायची तर फीत हेडवरून फार वेगाने जायला हवी. त्यावर एक युक्ती योजली आहे. फीत पळवण्याऐवजी हेडच फिरवायचे! ४ सेंटिमीटर व्यासाच्या दंडगोलावर हेड बसवतात. आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीत हा दंडगोल सेकंदाला २५ फेरे घेतो. आता गुणाकार करा: ३.१४ × ४ × २५ = ३१४ सेंटिमीटर. हेडचा वेग सेकंदाला तीन मीटरांहून अधिक झाला. फीत मात्र सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे दीड तासाच्या चित्रणाला सुमारे १०८ मीटर फीत पुरते. हेड स्थिर असते, तर जवळजवळ १७ किलोमीटर फीत लागली असती!

आता दुसरी बाजू. लहान कॅमेऱ्याचे भिंगही लहान. भिंगाचा व्यास निम्मा केला, की क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते आणि प्रकाशही तितकाच कमी मिळतो. म्हणून दिव्याच्या उजेडात घेतलेले चित्र दाणेदार दिसते.

हलकेपणाचाही तोटा आहे बरे का! वजन कमी म्हणजे जडत्व कमी. हाताचा बारीकसा कंपही कॅमेऱ्याला हलवतो. समजा, हात १ अंशाने हलला. चौकटीत ४० अंशांचे दृश्य असेल, तर चित्र चौकटीच्या चाळिसाव्या भागाने सरकेल. पण ‘झूम’ करून ५ अंशांचेच दृश्य घेतले, तर तेच चित्र एक-पंचमांश चौकट उडी मारेल. तुमच्या घरच्या मोबाइलवर हे करून पाहा. मग कोपर भिंतीला टेकवून पुन्हा चित्रण करा. फरक लगेच कळेल.

तिसरा तोटा सर्वांत गंभीर. अरुंद फितीवर चित्राच्या रेषा फार बारीक असतात. धुळीचा एखादा कण मध्ये आला, तरी पडद्यावर पांढरे ओरखडे उमटतात. आपल्या दमट पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. शिवाय असे कॅमेरे आता नव्याने तयार होत नाहीत. फीत शाबूत आणि ती दाखवणारे यंत्रच नाही, अशी वेळ अनेक घरांवर येत आहे.

तेव्हा मित्रांनो, घरातले कपाट एकदा उघडून पाहा. अशी कॅसेट सापडली, तर तिच्या खिडकीतून फीत निरखा. पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नका. हेड खराब होईल आणि फीतही तुटेल. जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करून घ्या आणि एक नव्हे, दोन ठिकाणी ठेवा. तिच्यात कदाचित आजोबांचा आवाज असेल. तो दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.