जगज्जेतेपदाविना थोर: अकिबा रुबिनस्टाइन

बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांच्या यादीत अकिबा रुबिनस्टाइनचे नाव नाही. पण पटावर हत्ती आणि मोजकी प्यादी उरली की डाव कसा जिंकायचा, हे शिकायला आजही त्याच्याकडेच जावे लागते.

पोलंडमधल्या स्तावीस्की गावात एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. मुलाने धर्मशिक्षण घ्यावे ही घरची इच्छा. बुद्धिबळ तो शिकला किशोरवयात, म्हणजे बराच उशिरा, आणि मग वूच या कापडगिरण्यांच्या शहरात जाऊन त्याने खेळालाच वाहून घेतले.

तिथेच 1907 मध्ये रोत्लेवी या खेळाडूविरुद्धचा त्याचा गाजलेला डाव झाला. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या रुबिनस्टाइनचा वजीर माराखाली होता. तो वाचवायचे सोडून त्याने हत्तीने घोडा मारला. रोत्लेवीने वजीर घेतला, तर याने दुसरा हत्तीही पुढे करून दिला! पंचविसाव्या खेळीनंतर काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट आणि एक घोडा एवढेच मोठे मोहरे होते. समोर पांढऱ्याचा वजीर शाबूत, तरी मात अटळ. रोत्लेवीने डाव सोडला. मला मात्र या आतषबाजीपेक्षा त्याचे संथ डाव अधिक मोठे वाटतात. छोटासा वरचष्मा तो चाळीस-पन्नास खेळ्या जपत राही, घाई कधी करत नसे.

1909 मध्ये सेंट पीटर्सबर्गला जगज्जेत्या लास्करला हरवून त्याने त्याच्यासोबत पहिला क्रमांक विभागून घेतला. 1912 या एका वर्षात पाच स्पर्धांत तो अव्वल ठरला. त्यांपैकी ब्रेस्लाऊला पहिला क्रमांक विभागून मिळाला. लास्करशी जगज्जेतेपदाच्या लढतीची बोलणी झाली, पण 1914 मध्ये महायुद्ध पेटले आणि लढत झालीच नाही. त्याच्यावर हा अन्यायच झाला, असे माझे ठाम मत आहे.

युद्धानंतर मानसिक आजार बळावत गेला. माणसांत मिसळण्याचीच त्याला धास्ती वाटे. तशाही अवस्थेत 1930 च्या हॅम्बुर्ग ऑलिम्पियाडमध्ये पहिल्या पटावर 17 डावांत 13 विजय, 4 बरोबऱ्या आणि एकही पराभव नाही! पोलंडने सुवर्णपदक जिंकले. दोनच वर्षांत त्याने स्पर्धा सोडल्या. उरलेले आयुष्य बेल्जियममध्ये गेले. 1950 मध्ये जागतिक महासंघाने पहिले 27 ग्रँडमास्टर जाहीर केले, त्यांत तो होता. 1961 मध्ये अँटवर्पला त्याचे निधन झाले.

घरी पट असेल तर रोत्लेवीविरुद्धचा डाव मांडा आणि बाविसाव्या खेळीपाशी थांबून काळ्याची चाल स्वतः शोधून बघा.