श्रमदानाचीही नोंद होऊ द्या!

पहाटे उठून सरपणाला गेलेली आई दुपारी भारा घेऊन परतते. मग ओली लाकडे चुलीत सारायची आणि धुराने डोळे चोळायचे. उन्हाळ्यात हापसा कोरडा पडतो, पावसाळ्यात ओढ्याची घाण दारात येते. हे सारे आपण सोसतो. पण याला ‘पर्यावरणाचा प्रश्न’ म्हणतात, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही. खरे तर पाणी, माती, झाडे नासली की पहिला फटका कष्टकऱ्यालाच बसतो.

१९९२ साली रिओ दि जानेरो येथे जागतिक वसुंधरा परिषद भरली. त्याच वर्षी ‘ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी’ या जागतिक निधीचा लहान अनुदान कार्यक्रम सुरू झाला. तो संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत चालतो. भारतात तो १९९६ साली आला. अनेक वर्षे एका प्रकल्पाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर अशी त्याची मर्यादा होती. धूर कमी करणाऱ्या चुली, सौरदिवे, रोपवाटिका, माती-पाणी अडवणे, देशी बियाणे जपणे अशी कामे त्यातून झाली.

‘एवढा पैसा आपल्याला कोण देणार, ताई?’ असे एखादी मावशी विचारील. प्रश्न रास्त आहे. हे अनुदान एकट्या माणसाला मिळत नाही. ते संस्थेला, संघटनेला मिळते. अर्जांची निवड राष्ट्रीय सुकाणू समिती करते आणि तिच्यात बिगरसरकारी सभासदांचे बहुमत असते. पैसे कामाची प्रगती पाहून हप्त्याहप्त्याने येतात. शिवाय संस्थेने आपलाही वाटा घालायचा असतो. तो रोख असू शकतो, साहित्याचा असू शकतो किंवा श्रमाचाही!

येथेच मायबहिणींनी डोळे उघडे ठेवावेत. अर्ज बाहेरच्या संस्थेचा, नाव तिचे आणि खड्डे खणायला, रोपांना पाणी घालायला आपण, असे होऊ देऊ नका. तुम्ही दिलेला दिवस हा त्या प्रकल्पातला तुमचा पैसाच आहे. कोण आले, किती दिवस राबले, त्याची वहीत नोंद करा आणि ती महिन्याला वस्तीत वाचून दाखवा. ज्याचा वाटा, त्याला समितीत जागा आणि हिशेब विचारण्याचा हक्क.

तयारी आजपासून करता येते. आपले महिला मंडळ वा तरुण मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा. मंडळाच्या नावाने बँकेत खाते उघडा. सभेचे इतिवृत्त लिहा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या. वस्तीचा एकच प्रश्न निवडा आणि किती घरांना त्याचा त्रास आहे ते घरोघर जाऊन मोजा. मुलांनाही बरोबर घ्या. त्यांचे अक्षर आणि गणित कामी येईल. अनुदान कोणाचेही असो, अर्जात हेच विचारतात. आणि अनुदान नाहीच मिळाले, तरी ही वही ग्रामपंचायतीपुढे, नगरपालिकेपुढे ठेवता येते.

पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर दाखवून दिले. तळे सर्वांचे, तर त्याची राखणही सर्वांची आणि राखणीचा हिशेबही सर्वांचा. तेव्हा येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा एक कोरी वही घेऊन या!