सातबाऱ्याची नवी मांडणी

यंत्रांत माहिती कितीही अचूक भरलेली असो, ती वाचणारास उमगली नाहीं तर तिचा उपयोग काय? आपल्या हिंगोली जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या पेटींत जपून ठेवलेला सातबारा हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. नमुना सात जमीन कोणाची हें सांगतो, नमुना बारा तींत काय पेरलें हें सांगतो. पुढें उतारा संगणकांतून निघूं लागला, तरी मांडणी जुनीच राहिली. मृत खातेदाराचें नांव किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा नुसत्या कंसांत दाखवीत. कंस म्हणजे ‘रद्द’ हें तलाठ्यास ठाऊक. शेतकऱ्यास कोणी सांगावें? सेनगांव तालुक्यांतील एका विद्यार्थ्याचे वडील असा उतारा घेऊन मजकडे आले होते. फिटलेलें कर्ज अजून आपल्या माथीं आहे, ह्या समजुतीनें त्यांची झोप उडाली होती!

सन २०२० मध्यें महसूल खात्यानें हा नमुना बदलला. आतां अशा नोंदीवर आडवी रेघ मारलेली असते. आणि रेघेचा अर्थ तर पाटीवर खोडणाऱ्या पोरासही कळतो. खात्याचा क्रमांक ‘इतर हक्क’ ह्या रकान्यांतून उचलून खातेदाराच्या नांवासमोर आणला. दोन खातेदारांमध्यें तुटक रेघ आली. लागवडीयोग्य व पोटखराब क्षेत्रांची बेरीज आयती मिळूं लागली. प्रलंबित फेरफार निराळा दिसूं लागला, जुने फेरफार शेवटीं एकत्र आले. नवी माहिती थोडी; बदलल्या त्या जागा.

एक उणीव मात्र मला खटकते. क्षेत्र हेक्टर व आर ह्यांत छापतात, गांवकरी बोलतो एकर व गुंठ्यांत. हेक्टराचे सुमारें अडीच एकर, हा हिशेब त्यास अजूनही बोटांवरच करावा लागतो.