पस मॉथ विमानाचे पंख कां मोडले?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून उड्डाण केलें व अहमदाबादेस तेल भरून घेऊन मुंबईजवळ जुहू येथें आपलें चिमुकलें विमान उतरविलें, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक असेल. त्या विमानाची जात 'पस मॉथ'. परंतु याच जातीच्या विमानांचे पंख त्या सुमारास भर आकाशांत मोडूं लागले होते, व त्याचें कारण अद्याप पुरतें उलगडलें नव्हतें, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाहीं.

इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीनें १९२९ सालीं हें विमान प्रथम उडविलें. त्यापूर्वींच्या लहान विमानांत बसणाऱ्याचें तोंड वाऱ्यापावसांत उघडें असे. येथें छपराची बंद खोली मिळाली. इंजिन एकच, सुमारें १२० अश्वशक्तीचें. पंख खोलीच्या माथ्यावर जोडलेले असून खालून तिरप्या टेकूंनीं तोलून धरलेले होते. विमान लोकप्रिय झालें यांत नवल नाहीं.

पण ऑक्टोबर १९३० मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांत एक पस मॉथ हवेंतच दुभंगलें. मे १९३१ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत ड्राकेन्सबर्ग पर्वतावर धुळीच्या वादळांत दुसरें मोडलें. त्यांत ग्लेन किड्स्टन हा नामांकित वैमानिक व त्याचा सोबती मरण पावले. जुलै १९३२ मध्यें, म्हणजे टाटांच्या उड्डाणापूर्वीं तीनच महिने, खुद्द इंग्लंडांत सरे परगण्यांत आणखी एका विमानाची तीच गत होऊन आंतील तिघेही दगावले.

अशा प्रसंगीं वाऱ्यास किंवा वैमानिकास दोष देऊन मोकळें होणें फार सोयीचें असतें. वारा उत्तर देत नाहीं आणि मृतासही आपली बाजू मांडतां येत नाहीं. परंतु निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातीं, एकाच जातीचें यंत्र एकाच रीतीनें मोडत असेल, तर संशय यंत्रावरच यावयास हवा. इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं तसाच तो घेतला. अवशेष तपासले, वाऱ्याच्या बोगद्यांत नमुने ठेवून प्रयोग केले, आणि पंखांच्या कंपनाचें गणित मांडलें. हें काम कांहीं वर्षें चाललें.

हें कंपन म्हणजे काय, तें मिरकरवाड्याच्या बंदरांत पाहावें. शीड वाऱ्यानें नीट भरलें म्हणजे निश्चल राहतें. पण वारा कडेनें लागला कीं तें फडफडूं लागतें, व सैल सोडल्यास फाटतेंही. विमानाचा पंख ताठ दिसला तरी थोडासा पिळला जातोच. वेग वाढला व हवा खवळलेली असली, तर हवा पंखास पिळते, पंख उलट उसळतो, आणि प्रत्येक हेलकाव्यास हवा नवें बळ देते. झोपाळ्यास योग्य क्षणीं धक्का मिळत जावा तसें हें घडतें. त्यांतच पुढचा टेकू पुरेसा बळकट नसला तर तो वांकतो. मग पंखास धरून ठेवणारें कांहींच उरत नाहीं.

उपाय दिसावयास क्षुल्लक होता. पुढच्या लांब टेकूस मध्यावर आधार देणारा एक लहानसा जोडटेकू बसविण्यांत आला. छपराच्या लांब वाशाखालीं आपले सुतार धिरा देतात, त्यांतलाच हा प्रकार.

इकडे टाटांच्या वैमानिकांपाशीं बिनतारी यंत्रही नव्हतें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें भरे, म्हणून विमानें पुण्याहून सोडावीं लागत. १९३५ सालीं मुंबई-गोवा-कण्णूर-त्रिवेंद्रम हा मार्ग सुरू झाला. आपल्या किनाऱ्यास समांतर जाणाऱ्या त्या वाटेवर एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास ढगांत बुडालेला सह्याद्रि. अशा ठिकाणीं वैमानिकाचें सारें लक्ष बाहेर लागलेलें असावें लागतें. पंखांची काळजी त्यानें वाहावयाची नसते, ती आधीं कारखान्यांत कोणी तरी वाहिलेली असावी लागते.

पुढें १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हां एकट्यानें केला. त्या वेळचें विमान 'लेपर्ड मॉथ' होतें. पस मॉथच्या मागून त्याच कंपनीनें १९३३ मध्यें काढलेलें.