घाम कशाचा?

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याशी पोचेपर्यंत ऑक्टोबरात शर्टाची पाठ भिजतेच. परवा नेमका त्याच गर्दीत भाचीचा फोन आला. नोकरी लागली होती. खांद्यावर पिशवी, कानाला फोन अशा थाटात मी जिना चढलो आणि वर पोचतो तोच मनगटावरचं घड्याळ थरथरलं: ‘ताण वाढला आहे. दीर्घ श्वास घ्या.’ ताण कसला डोंबलाचा! मी खुशीत होतो.

घड्याळाचं मोजमाप चुकलं नव्हतं. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या भरल्या की परत येणारा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून ठोके मोजायचे. दोन ठोक्यांतलं अंतर किती मागेपुढे होतं, तेही त्यातूनच कळतं. निवांत माणसाचं हृदय अगदी एका तालात चालत नाही. श्वास घेताना थोडी लगबग, सोडताना सावकाश. ताण आला की हे मागेपुढे होणं कमी होतं. जिना चढल्यावरही होतं. काही उपकरणं त्वचेतून अगदी क्षीण वीज सोडून घामही मोजतात. तळहाताचा घाम मनाचं चटकन ऐकतो, म्हणून तोंडी परीक्षेआधी तळवे ओले होतात. मनगटाचा घाम मात्र बराचसा उकाड्याचा, आणि मुंबईत उकाड्याला काय तोटा?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. आजच्या सेन्सरवाल्यांनी ही यादी भिंतीवर लावावी अशी आहे. पण खरी गंमत पुढे. स्वेदाची कारणं सांगताना तिथे राग, भय, हर्ष, लाज, दुःख हे तर येतंच, पण त्याच दमात श्रम, आजार, उष्णता आणि व्यायामही येतात. खूण एक, कारणं डझनभर. घाटकोपरच्या जिन्यावर माझ्या घड्याळाचं घोडं इथेच अडलं.

मशिन लर्निंग हा गुंता सोडवू पाहतं. त्यासाठी आधी उदाहरणं लागतात. 2012 साली जाहीर झालेल्या ‘डीप’ या प्रसिद्ध माहितीसंचात 32 जणांना एकेका मिनिटाचे 40 गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, मेंदूचे आणि शरीराचे संकेत टिपले आणि प्रत्येक गाण्यानंतर विचारलं: किती आवडलं, किती उत्तेजित वाटलं? संगणक हे संकेत आणि ही उत्तरं यांची सांगड घालायला शिकतो. म्हणजे यंत्राची उत्तरपत्रिका लिहिली माणसानेच, स्वतःच्या मनाला विचारून. उत्तेजना किती, हे शरीरावरून त्यातल्या त्यात बरं कळतं. ती आनंदाची की धास्तीची, इथे गाडी अडखळते.

‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हे 1997चं पुस्तक लिहून या शाखेला नाव देणाऱ्या एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी सहकाऱ्यांसह 2001 मध्ये राग, शोक, आनंद, आदर अशा आठ अवस्था 81 टक्के अचूकतेने ओळखून दाखवल्या. एकाच व्यक्तीच्या, कित्येक दिवसांच्या नोंदींवरून. त्यात त्यांना आढळलं, की एकाच दिवसातल्या वेगवेगळ्या भावनांच्या नोंदी एकमेकींच्या जितक्या जवळ पडतात, तितक्या वेगवेगळ्या दिवशीच्या एकाच भावनेच्या पडत नाहीत. सोमवारचा राग शुक्रवारच्या रागापेक्षा सोमवारच्या आनंदासारखा दिसू शकतो! मला तरी 81च्या आकड्यापेक्षा हे निरीक्षण मोलाचं वाटतं.

शरीराची साक्ष काढण्याचा उद्योग आपल्याकडे कोर्टापर्यंत गेला. पॉलिग्राफ म्हणजे श्वास, रक्तदाब आणि घाम यांचीच नोंद. सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ती होते. त्यापुढची पायरी ‘बीईओएस’, बंगळुरूचे मेंदूशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली. डोक्याला इलेक्ट्रोड लावून संशयिताने गप्प बसायचं, घटनेबद्दलची वाक्यं ऐकायची. ती गोष्ट त्याने ‘अनुभवली’ की नाही, हे सॉफ्टवेअर मेंदूच्या लहरींवरून सांगणार. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना असा अहवाल पुरावा म्हणून विचारात घेतला, आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या.

पुढे 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी सक्तीने करणं घटनाबाह्य ठरवलं. संमती हवी, तीही दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली, वकिलाचा सल्ला मिळण्याची सोय ठेवून. एवढं करूनही चाचणीचा अहवाल स्वतः पुरावा ठरत नाही.

माझी संमती कुठे नोंदली गेली, ते मेट्रोत बसल्यावर शोधलं. सापडली. खोक्यातून घड्याळ काढलं त्या संध्याकाळी, इंग्रजीतली भलीमोठी अटींची भेंडोळी न वाचता मी ‘मान्य’ दाबलं होतं. तोवर डब्यातल्या गार हवेत ठोके उतरले आणि साकीनाक्याला घड्याळावरची ताणाची रेघ खाली आली. तेवढ्यात भाचीने नेमणूकपत्राचा फोटो पाठवला. पहिली नेमणूक गडचिरोलीला. आता जरा धडधडलं. घड्याळ गप्प होतं.